ओढायच्या गाडीला वेगळं लायसन्स हवं का?

प्रश्न लातूरच्या एका निवृत्त शिक्षकांचा आहे. त्यांचा मुलगा इंग्लंडात असतो. गाडीमागं कॅराव्हॅन, म्हणजे राहायची चाकांवरची खोली, लावून सुट्टीला जायची तिकडं रीत आहे. पूर्वी त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची, ती २०२१ मध्ये बंद झाली, असं मुलानं त्यांना सांगितलं. आता गुरुजींनी स्वतःच जीपमागं ओढायची दोन माणसांची छोटी कॅराव्हॅन घ्यायचं मनावर घेतलंय. तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ, वेरूळ अशी फेरी ठरली आहे. त्यांचं विचारणं असं: ‘माझ्याकडं साधं चारचाकीचं लायसन्स आहे. तेवढ्यावर चालतं का? आणि चालत असलं तरी चालू द्यावं का? सरकारनं वेगळं लायसन्स ठेवावं असं तुम्हाला वाटतं का?’

गुरुजी, माझ्या समजुतीप्रमाणे चालतं. चालू द्यावं का, हे मात्र वजनकाट्याला विचारून सांगावं लागेल.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती धरायचं आणि किती सोडायचं ते तुम्हाला ठरवता येईल. विसाव्या वर्षी उसाच्या डबल ट्रॉलीवर बसलो. पुढं दहा वर्षं मोठा ट्रेलर चालवला, मुंबई ते हैदराबाद. आता अंबाजोगाईकडं ड्रायव्हिंग शिकवतो. दसऱ्याच्या आसपास, कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी, ऊस वाहतुकीचे कंत्राटदार आपली पोरं माझ्याकडं धाडतात. कॅराव्हॅन म्हणाल तर आजवर चारच हाताखालून गेल्या. पण ट्रॉली असो की कॅराव्हॅन, पुढच्या गाडीला मागची ढकलते, आणि सगळं त्या हुकाभोवती घडतं.

कायद्याचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १० मध्ये लायसन्सचे वर्ग दिलेत: मोटारसायकल, हलकं वाहन म्हणजे आपण ज्याला एलएमव्ही म्हणतो ते, वाहतुकीचं वाहन, रोडरोलर वगैरे. मागं काही ओढणाऱ्याचा म्हणून स्वतंत्र वर्ग त्या यादीत लिहिलेला नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात सांगितलं की, ट्रॅक्टरचं लायसन्स असलेल्यानं मागं ट्रॉली जोडली म्हणून त्याचं लायसन्स निकामी होत नाही. पुढं २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं, साडेसात हजार किलोच्या आतलं वाहतुकीचं वाहन एलएमव्हीच्या लायसन्सवर चालवता येतं, हे पक्कं केलं. तेव्हा जीप आणि आठ-नऊशे किलोची कॅराव्हॅन एवढ्यासाठी तुमच्या लायसन्सची मला काळजी वाटत नाही.

काळजी दुसऱ्या कागदाची. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्याला इंजिन नसलं तरी. म्हणजे त्याची नोंदणी लागते, विमा लागतो, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर त्याच्या मागच्या बाजूला दिसावा लागतो. वेल्डिंगच्या दुकानात चौकट ठोकून, वर फायबरची खोली बसवून रस्त्यावर आणली, तर उद्या काही झाल्यावर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवणार. मान्यता असलेला सांगाडा घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसलो ती.

एलएमव्हीत ट्रॅक्टर बसतो तो त्याच्या रिकाम्या वजनावर. साडेसात हजार किलोच्या आत रिकामा ट्रॅक्टर असला की झालं. आपल्याकडचा पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी आत. पण डिसेंबरात केज-कळंब भागात संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून बघा. त्याच दोन टनांच्या ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यात मिळून पंधरा-वीस टन ऊस, वर मोळ्या बांधलेल्या, मागून वाढे लोंबताहेत. एवढंच वजन ट्रकमध्ये टाकलं तर त्या ड्रायव्हरला वाहतुकीच्या वाहनाचं लायसन्स लागतं, वय वीस लागतं, त्याआधी वर्षभर हलकी गाडी चालवलेली असावी लागते. ट्रॅक्टरवाल्याला अठरा वर्षं आणि एलएमव्ही. रस्ता तोच, वजन तेच, उतार तोच. आणि ट्रकला सगळ्या चाकांना ब्रेक असतात. ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या दोन चाकांना, आणि बहुतेक ट्रॉल्यांना काहीच नाही. (भाड्यानं माल नेणाऱ्या ट्रॉलीची व्यावसायिक नोंदणी, फिटनेस, परमिट हा निराळा हिशोब आहे, तो इथं काढत नाही.)

म्हणून ‘कॅराव्हॅनला वेगळं लायसन्स हवं का’ असं कुणी विचारलं की मला आधी हसू येतं. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ओढून न्यायच्या कॅराव्हॅन हाताच्या बोटांवर मोजाव्या. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण इथं जी दिसते ती बहुतेक एकसंध गाडी असते, आतच पलंग-ओटा केलेली. तिला हूकच नाही. ओढायची गाडी म्हणजे आपल्याकडं ट्रॉली. लायसन्सचा वाद घालायचाच तर तो तिच्यापासून सुरू झाला पाहिजे.

इंग्लंडची गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती अर्धवट सांगितली की ‘बघा, तिकडंसुद्धा काढून टाकलं’ असं म्हणायला सोपं जातं. तिथं १ जानेवारी १९९७ च्या आधी गाडीची परीक्षा पास झालेल्यांना मोठा ट्रेलर ओढायची मुभा आपोआप होती. त्यानंतर पास झालेल्यांना ती नव्हती. ७५० किलोच्या वरचा ट्रेलर ओढायचा आणि गाडी-ट्रेलर मिळून साडेतीन टनांच्या पुढं जायचं, तर वेगळी परीक्षा. त्या परीक्षेत ट्रेलरसकट रिव्हर्स घ्यावी लागे, हूक सोडून परत जोडून दाखवावा लागे आणि रस्त्यावरही चालवून दाखवावं लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ही अट गेली आणि साध्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येऊ लागला. का गेली? ओढणं सोपं झालं म्हणून नव्हे. ट्रक ड्रायव्हरांचा तुटवडा पडला होता. परीक्षा घेणारी माणसं तीच, त्यांचा वेळ ट्रकच्या परीक्षांसाठी मोकळा करायचा होता. ट्रेलर ओढण्याआधी शिकून घ्या, असा सरकारी सल्ला आजही आहे. सक्ती नाही एवढंच.

युरोपात मधली वाट आहे आणि मला तीच पटते. साध्या लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून जड असेल तर गाडी आणि ट्रेलर मिळून साडेतीन टनांच्या आत असलं पाहिजे. साडेतीन ते सव्वाचार टनांच्या मधल्या जोडीसाठी थोडं प्रशिक्षण किंवा छोटी परीक्षा, देशागणिक जे असेल ते. त्यापुढं पूर्ण परीक्षा. ट्रेलरवर पलंग आहे, घोडा आहे की कांदे, हे कुणी विचारत नाही. जोडीचं वजन विचारतात.

वजनाएवढंच, किंबहुना थोडं जास्तच, महत्त्वाचं असतं ते वजन कुठं ठेवलंय हे. आपल्या आजोबा-पणजोबांना ते कळत होतं. बैलगाडी भरताना माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचलायचं, बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसायचा. पुढं जास्त झाला की धुरजड, बैलांच्या मानेवर ओझं. शहाणा गडी जू हातानं उचलून बघायचा आणि दोन पोती पुढं-मागं सरकवायचा. तिकडचे कॅराव्हॅनवाले नेमकं हेच करतात, फक्त आकडा लावून: एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के वजन हुकावर पडलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडं एकजण असाच छोटा ट्रेलर घेऊन आले. ‘साठच्या पुढं गेलं की मागचं शेपूट हलतंय,’ अशी तक्रार. मोंढ्यातल्या वजनकाट्यावर नेला: सामानासकट ८५० किलो. मग ओळखीच्या आडत्याकडून सोयाबीनची पोती मोजायचा सपाट काटा मागून आणला, सपाट जागी ट्रेलरचा हूक त्यावर टेकवला. अकरा किलो. ४२ ते ६० च्या मध्ये हवं होतं. आत वाकून बघितलं तर कारागिरानं शंभर लिटरची पाण्याची टाकी पार मागं, ॲक्सलपासून, म्हणजे चाकांच्या आसापासून, मीटरभर पलीकडं बसवलेली. कारण काय, तर नळ जोडायला मागून बरं पडतं! हूक ते ॲक्सल अंतर अडीच मीटर. मीटरभर मागं ठेवलेले शंभर किलो हुकावरचे चाळीस किलो खातात, हे तरफेचं साधं गणित आहे. टाकी ॲक्सलच्या डोक्यावर आणली. परत काट्यावर टेकवला: एक्कावन्न. शेपूट हलायचं थांबलं. लायसन्सला यात काही काम नव्हतं, हेही मान्य करतो. पण हे गणित त्या माणसाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायची जागा म्हणजे परीक्षा, दुसरी कुठली असणार?

शेपूट हलायला लागलं तर काय करायचं, ते गुरुजी, आत्ताच पाठ करून ठेवा, कारण तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाही. उतारावर वेग वाढलेला असतो, शेजारून लक्झरी बस सुसाट जाते, तिच्या हवेनं ट्रेलर आधी ओढला जातो, मग ढकलला जातो, आणि झोका सुरू होतो. माणूस घाबरून एक तर करकचून ब्रेक दाबतो, नाहीतर स्टेअरिंग उलटं फिरवून झोका मोडायला जातो. दोन्हींनी झोका वाढतो. पाय ॲक्सिलरेटरवरून हळू काढायचा. स्टेअरिंग सरळ धरून ठेवायचं, अगदी हात दगडाचे झाल्यासारखे. वेग पडला की झोका आपोआप मरतो. झोका मारण्यासाठी वेग वाढवायचा, असं सांगणारे शहाणे भेटतील. त्यांना नमस्कार करा आणि पुढं चला.

वेगाचा नियम इंग्लंडात ट्रेलरवाल्याला वेगळा आहे: दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी साधारण ८० किलोमीटर, मोटरवेवर साधारण ९६. आपल्या रस्त्यांवर मी तुम्हाला साठच सांगेन. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं, आणि इथं वाटेत काय आडवं येईल याचा नेम नाही. म्हैस, टमटम, मध्येच उभी राहिलेली वरात.

आता रिव्हर्स. ट्रेलर पुढं ओढायला पंधरा दिवसांत कुणालाही येतो. रिव्हर्स घेणं ही मात्र निराळीच विद्या आहे, कारण स्टेअरिंग डावीकडं वळवलं की ट्रेलर उजवीकडं जातो. मी पोरांना एक खूण देतो: हात स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला धर, ट्रेलरचं बूड जिकडं न्यायचं तिकडं हात सरकव. बस. आणि थोडं-थोडंच. पडीक शेतात लिंबाखाली दोन डिझेलचे ड्रम ठेवलेत, त्यांच्या मधून ट्रॉली मागं घालायची. पहिल्या दिवशी ड्रम न पाडणारा पोरगा मला अजून भेटायचाय.

डबल ट्रॉलीला रिव्हर्स जवळजवळ नाहीच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. २००० सालच्या हंगामात मांजरेच्या काठानं फडातून भरून निघालो, रात्रीचे साडेआठ-नऊ. वाटेत एक नळकांडी पूल, एका गाडीपुरता, कठडे नाहीत. मी निम्म्यात पोचलो आणि समोरून एसटी पुलावर चढली. एसटीच्या ड्रायव्हरला मागं जाता येत नव्हतं, त्याच्यामागं चार-पाच गाड्या लागलेल्या. सगळे मला म्हणाले, तू घे मागं. घेतली. पहिली ट्रॉली डावीकडं, दुसरी उजवीकडं, मध्ये साप मोडल्यासारखा कोन झाला आणि मागच्या ट्रॉलीचं चाक पुलाच्या कडेला टेकलं. खाली उतरून बघितलं आणि पाय लटलटायला लागले. एसटीतून उतरून एक म्हातारं बाबा कंदिलासारखी बॅटरी हातात घेऊन आलं. म्हणालं, ‘पोरा, आपला बैल ओ म्हणलं की मागं सरतो. तुझं हे जनावर सरत नाही व्हय?’ शेवटी एसटीमागच्या गाड्या एकेक करून मागं सरकवल्या, मग एसटी मागं गेली, मग मी पुढं. तास-दीड तास लागला. माझ्याकडं त्या दिवशी खिशात पक्कं, खरंखुरं लायसन्स होतं. ट्रायल मी रिकाम्या ट्रॅक्टरवर दिली होती, ट्रॉली न लावता.

वेगळ्या लायसन्सच्या बाजूनं माझं म्हणणं एवढ्यातच आलं. ज्याची परीक्षा घेतली ते वाहन आणि ज्यावर पोट भरतं ते वाहन, यांचा एकमेकांशी संबंध नाही.

ट्रॅक्टरच्या ब्रेकचं इथंच सांगून टाकतो, जरी कॅराव्हॅनवाल्याला त्याचा उपयोग नसला तरी. ट्रॅक्टरला ब्रेकचे पेडल दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. शेतात नांगर फिरवताना एकाच चाकाला ब्रेक देऊन जागच्या जागी वळता यावं म्हणून. रस्त्यावर आलं की दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावायची असते. ती कितीजण लावतात? शेतातून थेट डांबरीवर येतात, पट्टी तशीच लोंबत असते, घाईत एकाच पेडलवर पाय पडतो आणि ट्रॅक्टर गर्रकन आडवा. मागून वीस टन येतातच आहेत. दुसरं, उतार लागला की डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं. धारूरचा घाट बघितलाय ना तुम्ही? अरुंद, वळणांचा. तिथं ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे लहान पोरालाही कळावं. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतो, तापला की धरत नाही, आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसल्यानं ती ट्रॅक्टरला पुढं लोटत नेते. वाचवलेलं डिझेल असेल अर्धा लिटर.

चांगल्या कॅराव्हॅनला हे दुखणं नसतं, कारण तिच्या दांडीतच युक्ती असते. पुढची गाडी हळू झाली की कॅराव्हॅन पुढं ढकलते, त्या धक्क्यानं दांडीतली सळई आत सरकते आणि तिचेच ब्रेक लावते. हूक निसटलाच तर एक पातळ वायर ताणली जाऊन तिचा हँडब्रेक ओढला जातो. इंग्लंडात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. आपल्या पंधरा टनांच्या उसाला पिन आणि साखळी, तीही असली तर.

विरोधातले मुद्दे मला माहीत आहेत, आणि ते फुकटचे नाहीत. पहिला, सरळ: वेगळं लायसन्स आलं की वेगळी ट्रायल आली, वेगळा फॉर्म आला, एजंट आला. जिथं आजची ट्रायल पाच मिनिटांत उरकते तिथं ट्रॉलीची ट्रायल कोण नीट घेणार? मैदानात दोन ट्रॉल्या वळवायला जागा तरी आहे का? नुसता एक शिक्का वाढवून काही होणार नसेल, तर गरिबाच्या खिशाला आणखी एक भोक पाडू नका, असं माझे कंत्राटदार मित्र म्हणतात. मी त्यांना खोटं ठरवू शकत नाही. दुसरा मुद्दा शेतकऱ्याचा. घरचा ट्रॅक्टर, घरची एक ट्रॉली, चार किलोमीटरवरून सोयाबीन मोंढ्यात नेतोय, त्याला तुम्ही परीक्षेला बसवणार? नाही. मीसुद्धा बसवणार नाही.

तिसरा मुद्दा कुणी काढत नाही म्हणून मीच काढतो. माझ्या पाहण्यातले ट्रॉलीचे वाईट अपघात ड्रायव्हरच्या हाताचे कमी आणि अंधाराचे जास्त आहेत. टायर फुटलं, ॲक्सल मोडला, ट्रॉली रस्त्यातच उभी, मागं लाइट नाही, रेडियम चिखलानं झाकलेलं, दगड लावून ड्रायव्हर जॅक आणायला गेला, आणि मागून मोटारसायकलवरची दोन पोरं. यावर उपाय म्हणजे लाल दिवे, स्वच्छ रेडियम, मागं पुरेशा अंतरावर त्रिकोण. त्याला लायसन्स कशाला लागतं? खरंय. पण हे करायची सवय लागते ती कुणीतरी एकदा कान पकडून शिकवल्यावर, आणि आज तसा कान पकडायचा प्रसंग ड्रायव्हरच्या आयुष्यात येतच नाही. अठरा पुरी झाली, एलएमव्ही काढलं, मुकादमानं किंवा मालकानं चावी दिली, बस.

तेव्हा मला विचाराल तर नवं लायसन्स काढू नका, आहे त्या लायसन्सवर ‘ओढणी’ची, म्हणजे मागं ट्रेलर ओढण्याची, नोंद ठेवा. आणि ती सगळ्यांना नको. साडेसातशे किलोच्या आतल्या ट्रेलरला काही नको. एका ट्रॉलीचा, आपल्याच शेतातला माल नेणारा शेतकरी मोकळा. जीप-कॅराव्हॅन जोडी साडेतीन टनांच्या पुढं गेली तर एक दिवसाचं प्रशिक्षण, तेही मान्यताप्राप्त शाळेचं. आणि दोन ट्रॉल्या किंवा दहा टनांच्या वर ऊस, खडी, वाळू ओढणाऱ्याला खरी परीक्षा. ती परीक्षा भरलेल्या ट्रॉलीवर, कारखान्याच्या यार्डातच घ्यावी. जागा तिथं आहे, काटा तिथं आहे, ट्रॉल्या तिथं आहेत, आणि हंगामाच्या तोंडावर ड्रायव्हरही तिथंच जमतात. हूक सोड, जोड, पिनला क्लिप लाव, साखळी अडकव, दिवे दाखव, पेडलची पट्टी लाव, एक ट्रॉली ड्रमच्या मधून मागं घाल. अर्ध्या तासाचं काम. दुसऱ्या ट्रॉलीची रिव्हर्स मागू नका. ती कुठं सोडायची आणि चाकाखाली दगड कसा लावायचा ते विचारा.

आणि नोंद नसलेल्याला चावी दिली तर दंड मालकाला. ड्रायव्हरला दंड करून काय मिळणार? तो उचल घेऊन आलेला असतो, त्याच्याकडं असतंच काय!

गुरुजी, तुमच्याकडं परत येतो. तुमची जीप साधारण सोळा-सतराशे किलोची, कॅराव्हॅन आठ-नऊशेची. तिकडचे जाणते नवख्याला सांगतात की भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. तुम्ही निम्म्यावर आहात, उत्तम. पण जीपच्या पुस्तकात ओढायचं वजन किती दिलंय ते वाचा, आणि दिलं नसेल तर कंपनीकडून लेखी मागा. हूक गॅरेजवाल्याच्या मर्जीनं बंपरला वेल्ड करू नका, तो चासीला बोल्टनं बसला पाहिजे. कॅराव्हॅन जीपपेक्षा रुंद असेल तर बाजूचे आरसे लांब दांड्याचे लावा, नाहीतर मागचं काहीच दिसणार नाही. चालताना आत कुणी बसायचं नाही, बाईसाहेबांना पाय लांब करावेसे वाटले तरी.

वाटेचं एक. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड करत संभाजीनगरपर्यंत तुम्हाला फारशी अडचण नाही. मांजरसुंब्याच्या घाटात उतारावर गिअर खालचा ठेवा एवढंच. पण तिथून वेरूळला जाताना दौलताबादचा जुना रस्ता घेऊ नका. किल्ल्याच्या तटातल्या दिल्ली दरवाजातून तो जातो, एका वेळी एकच मोठी गाडी मावते, आणि शनिवार-रविवारी दोन्हीकडून रांग लागते. तिथं अडकलात तर माझ्या नळकांडी पुलाची आठवण येईल. कसाबखेड्यावरून जा, थोडं लांब पडतं.

निघायच्या आधी एक रविवार माझ्याकडं द्या. कॅराव्हॅन रिकामी आणू नका. गॅसची टाकी, पाणी, गाद्या, देवीला न्यायची पेटी, जे काय न्यायचं ते सगळं भरून आणा. आडत्याचा काटा मी मागून ठेवतो, आणि ड्रमही उभे करून ठेवतो.